समाज असा का झाला? इमिग्रेशनच्या कायद्यातून उत्तर कसं काढायचं

एखाद्या देशाबद्दल बोलताना आपण सहज बोलून जातो की तिकडे अमुक लोक खूप आहेत, ते जात्याच हुशार असतात, तमुक लोक कुणात मिसळत नाहीत, त्यांचा स्वभावच तसा. मीही हेच बोलायचो. मग एका वादात सपशेल तोंडावर आपटलो (ती गोष्ट पुढे येईलच) आणि तेव्हापासून सवय लावून घेतली की मत ठोकायच्या आधी त्या देशाचा इमिग्रेशनचा कायदा उघडून बघायचा. ज्याला आपण स्वभाव समजत असतो तो बरेचदा कुठल्यातरी उपकलमाचा परिणाम निघतो, आणि ते उपकलम लिहिणाऱ्याच्याही स्वप्नात तो परिणाम आलेला नसतो.

तर हे कसं शोधायचं ते सांगतो. वकील असायची गरज नाही. कायद्याचा मजकूर, त्या देशाच्या जनगणनेची तीन-चार दशकांची टेबलं आणि कागद-पेन, बास.

आधी प्रश्न बारीक करा

"इमिग्रेशन चांगलं की वाईट" याला मी प्रश्न म्हणत नाही, ती भांडणाची सुरुवात आहे. त्याऐवजी आकड्यांत काहीतरी विचित्र दिसतंय का ते बघा आणि तेवढंच पकडा. उदाहरण देतो, १८९० च्या अमेरिकन जनगणनेत चिनी लोकांमध्ये एका बाईमागे जवळजवळ २७ पुरुष होते. सत्तावीस! एवढा वाकडा आकडा आपोआप येत नाही. आता हा प्रश्न हातात घेऊन कायद्याकडे गेलात तर काय शोधायचं ते माहीत असतं, नाहीतर शंभर पानांचा कायदा वाचून झोप येते, दुसरं काही होत नाही.

मग दारं कधी उघडली, कधी लागली ती एका रेषेवर मांडा

कागदावर आडवी रेघ मारा आणि साल टाका. चिनी लोकांचंच घेऊ. १८७५ चा पेज अॅक्ट, कागदावर वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या बायकांना रोखणारा, प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक चिनी बाईवर संशय घेणारा. मग १८८२ ला चिनी मजुरांना १० वर्षं बंदी, १८९२ ला मुदतवाढ, १९०२ ला ती बेमुदत, आणि १९४३ ला, म्हणजे युद्धात चीन दोस्त झाल्यावर, बंदी उठली आणि वर्षाला १०५ माणसांचा कोटा मिळाला. एकशे पाच. नुसती ही रेघ बघितली तरी २७ ला १ चं कोडं अर्धं सुटतं, बायकांचं दार पुरुषांच्या सात वर्षं आधी लागलं होतं.

इथे एक गोष्ट लोक विसरतात, दार लागणार अशी कुणकुण लागल्यापासून ते खरंच लागेपर्यंत जो वेळ जातो त्याची वेगळी नोंद करा. ब्रिटनने कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांवर १९६२ ला पहिला मोठा कायदा आणला, तो येणार हे आधीपासून कळलेलं, तर १९५९ मध्ये जिथे साधारण २१ हजार लोक आले होते तिथे १९६१ मध्ये १ लाख ३६ हजारांवर आले. सगळे काही कायद्याला घाबरून आले नव्हते, ब्रिटनमध्ये तेव्हा कामंही होती, पण आज नको उद्या जाऊ म्हणणाऱ्यांनी बॅगा भरल्या ते या बातमीने. गर्दी थांबवायला निघालेल्या कायद्याने आधी गर्दीच करून ठेवली.

आणि रेघ ओढताना फक्त बंदीच शोधू नका, आमंत्रणंही शोधा. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंट लोकांचं संरक्षण काढून घेतलं आणि काही आठवड्यांत बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने पॉट्सडॅमहून फर्मान काढलं की इकडे या, करात सूट देतो, घर बांधायला मदत देतो. साधारण २० हजार ह्युगेनॉट, म्हणजे हेच फ्रेंच प्रोटेस्टंट, गेले, आणि १७०० च्या आसपास बर्लिनमधला दर पाचवा माणूस फ्रेंच होता म्हणे. तिकडचा कापडधंदा, बागकाम, शाळा सगळ्यावर त्यांचा ठसा आहे. तेव्हा धोरण म्हणजे नेहमी कुंपणच असतं असं नाही.

कायद्याचं नाव वाचू नका, कलम वाचा

इथे खरा वेळ घालवा. चार गोष्टी अधोरेखित करायच्या. कोण येऊ शकतो, किती दिवसांसाठी, कुणाला घेऊन, आणि राहिला तर पुढे काय बनू शकतो. बाकीची भाषा बहुतेक सजावट असते.

"कोण" हे सरळ लिहिलेलं सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. कायदे करणारे हुशार असतात, जात-वंश-धर्म यांचं नाव न घेता नेमकी ती माणसं बाहेर ठेवायच्या शंभर वाटा त्यांना माहीत असतात. ऑस्ट्रेलियाचा १९०१ चा कायदा बघा, त्यात गोरे-काळे असं काही नाही, फक्त अधिकारी सांगेल त्या युरोपियन भाषेत ५० शब्दांचा उतारा लिहून दाखवायचा. म्हणजे समोरच्याला इंग्रजी येत असेल तर त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत उतारा घालायचा. १९०९ नंतर एकही माणूस पास झाला नाही, परीक्षा नापास करण्यासाठीच होती. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा नाझीविरोधी पत्रकार आला, त्याला बऱ्याच भाषा यायच्या, तर त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपियन भाषाच नव्हे. स्कॉटलंडचे लोक चिडले ते वेगळंच. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण पूर्ण गेलं ते १९७३ ला. आज २०२१ च्या जनगणनेत तिथले २७.६ टक्के लोक परदेशात जन्मलेले आहेत, म्हणजे पन्नास वर्षांत चेहरा ओळखू येऊ नये इतका बदलला.

कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला की आपल्या देशातून निघून थेट, एका तिकिटावर, मध्ये कुठे न थांबता आलं पाहिजे. भारताचं नाव कुठेच नाही. फक्त भारतातून असं थेट जहाज मिळत नव्हतं, आणि जहाज कंपन्यांनी थेट तिकिटं विकू नयेत याचीही काळजी घेतलेली. मे १९१४ मध्ये कोमागाता मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली, बहुतेक पंजाबी शीख, दोन महिने बंदरात अडकून पडली, आधीपासून कॅनडात राहणारे मोजके लोक सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही. परत आल्यावर कोलकात्याजवळ बजबजला गोळीबार झाला, वीसेक माणसं गेली. एका "थेट" या शब्दासाठी.

तिसरी युक्ती म्हणजे टक्क्यांची, आणि ही माझी सगळ्यात आवडती आहे कारण दिसायला एकदम निरागस. अमेरिकेने १९२१ मध्ये ठरवलं की प्रत्येक देशाच्या आधीपासून इथे असलेल्या लोकांच्या ३ टक्के इतकेच नवीन घ्यायचे, आधार वर्ष १९१०. तीन वर्षांनी, १९२४ ला, ३ चे २ टक्के केले आणि आधार वर्ष मागे नेलं, १८९०. का? कारण इटली, पोलंड, रशियातून लोंढे आले ते १८९० नंतर! इटलीचा कोटा वर्षाला ४२ हजारांवरून ३,८४५ वर आला. फक्त एक साल बदलून. म्हणून सांगतो, कायद्यात कुठलंही साल दिसलं की थांबा आणि हेच साल का असं विचारा.

"कुणाला घेऊन" हे कलम तर दोनदा वाचा

माझं मत विचाराल तर समाज घडतो तो या कलमात. किती माणसं आली यापेक्षा त्यांचा संसार झाला का, हे तीस वर्षांनी जास्त महत्त्वाचं ठरतं.

यासाठी दोन गट शेजारी ठेवून बघायची पद्धत वापरा, शक्यतो एकाच जागचे, एकाच काळातले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे चिनी आणि जपानी घ्या. द्वेष दोघांबद्दल सारखाच होता. पण चिनी मजुरांवर थेट बंदी आली आणि जपानशी १९०७-०८ मध्ये आपसात समझोता झाला, जपान मजुरांना पासपोर्ट देणार नाही पण तिथे असलेल्यांच्या बायका-मुलं जाऊ शकतील. मग फोटो बघून लग्नं ठरली, नवऱ्या बोटीने आल्या, १९२० पर्यंत हे चाललं. घरं झाली, मुलं झाली, आणि १८९८ च्या वाँग किम आर्क निकालामुळे तिथे जन्मलेली मुलं जन्मतः नागरिक. १९४० पर्यंत अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या जपानी लोकांत जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले होते. (आणि म्हणूनच १९४२ नंतर छावण्यांत डांबलेल्या १ लाख २० हजारांत बहुतेक जण कायद्याने अमेरिकन नागरिक होते, हे लक्षात घेतलं की त्या प्रकाराचा निर्लज्जपणा अजून टोचतो.) चिनी वस्तीत मात्र त्याच काळात म्हातारे होत चाललेले एकटे पुरुष, एका खोलीत चार-चार जण, बायको तिकडे गावी, दहा-दहा वर्षांनी एक फेरी.

आणि लोक कायद्यातून वाट कशी काढतात तेही नोंदवा, कारण त्या वाटाच पुढे "संस्कृती" म्हणून ओळखल्या जातात. बंदी मजुरांवर होती, व्यापाऱ्यांवर नव्हती, व्यापारी बायकोलाही आणू शकायचा. १९१५ मध्ये एका कोर्टाच्या निकालाने रेस्टॉरंटचा मालकही व्यापारी धरला गेला, आणि चिनी रेस्टॉरंटं भराभर वाढली. भागीदारीत पैसे घालायचे, आळीपाळीने मालक व्हायचं, गावाकडून माणूस आणायचा. लोकांना वाटतं की चिनी माणसाला हॉटेल काढायची हौसच असते, अहो हौस कसली, तो व्हिसा होता. तसंच १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाच्या आगीत जन्माच्या नोंदी जळाल्या तेव्हा कित्येकांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं, मग गावी मुलगा झाला असं नोंदवून ती जागा दुसऱ्याच्या मुलाला द्यायची किंवा विकायची. कागदावरची मुलं. अशा कितीतरी घराण्यांचं आजचं अमेरिकन आडनाव खरं नाहीच.

कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांचंही असंच. बायका आणता येत नव्हत्या, गोऱ्या बाईशी लग्न कायद्यात बसत नव्हतं, १९१३ च्या कायद्याने जमीनही नावावर घेता येईना, १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय हे नागरिकत्वाच्या कायद्यापुरते गोरे नाहीत असा निकाल दिला. मग त्यांनी शेतावर काम करणाऱ्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. घरात स्पॅनिश, आडनाव सिंग, मुलं चर्चमध्ये, बाप गुरुद्वाऱ्यात. असा एक अख्खा छोटा समाज तयार झाला, आणि १९४६ नंतर, खरं तर १९६५ नंतर, पंजाबहून बायका यायला लागल्यावर तो हळूहळू विरघळूनही गेला. कलमाने जन्माला घातला, कलमानेच संपवला.

उलट टोकाचं उदाहरण गिरमिटियांचं. ब्रिटिश वसाहतींत भारतातून मजूर न्यायचे तेव्हा पुढे नियम झाला की १०० पुरुषांमागे ४० बायका हव्यातच. हेतू काही उदात्त नव्हता, मळे शांत राहावेत हाच. पण त्या चाळीसमुळे फिजी, त्रिनिदाद, गयाना इथे करार संपल्यावरही लोक राहिले, संसार झाले, आणि आज तिथे भारतीय वंशाचे लोक पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष झालेले दिसतात.

आजच्या आखाती देशांना हीच पट्टी लावून बघा. कतार, यूएईमध्ये दहातले जवळजवळ नऊ जण नागरिक नाहीत, व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला, कुटुंब आणायला ठरावीक पगार लागतो. म्हणजे इंजिनिअरचं घर आहे आणि गवंड्याची खोली आहे. १८९० च्या चायनाटाऊनची आणि आजच्या लेबर कॅम्पची टेबलं शेजारी ठेवली तर कुठलं कुठलं ते सांगायला क्षणभर अडखळाल.

दार बंद केल्यावर काय झालं ते मुद्दाम वेगळं तपासा

आपली समजूत अशी की दार बंद केलं की आकडा कमी होतो. कधी होतो, कधी नेमका उलटा वाढतो, आणि हे कशावर ठरतं ते शोधणं हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मजेचा भाग.

पश्चिम जर्मनीने १९५५ ला इटलीशी, १९६१ ला तुर्कस्तानशी मजूर आणायचे करार केले. तुर्कांसाठी कल्पना अशी की दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं, मग नवीन माणूस. कारखानदारांना हे परवडेना, शिकवून तयार केलेला माणूस घालवा आणि पुन्हा नवख्याला शिकवा, म्हणून १९६४ मध्ये दोन वर्षांची अट निघाली. नोव्हेंबर १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि भरती बंद. तेव्हा तुर्क साधारण ९ लाख होते. १९८० ला किती? जवळपास साडेचौदा लाख.

हे कसं झालं त्याचा छडा लावायला पुन्हा दोन गट शेजारी ठेवा. इटालियन लोकांना युरोपियन समुदायामुळे कधीही जा, कधीही या अशी मुभा होती, त्यांची संख्या त्याच काळात फारशी हललीच नाही. तुर्क माणसाला मात्र एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळलं, मग तो गेलाच नाही, उलट बायको-मुलांना बोलावून घेतलं. त्यात १९७५ पासून मुलांसाठी मिळणारा पूर्ण भत्ता जर्मनीत राहणाऱ्या मुलांनाच, गावी असलेल्यांना कमी. म्हणजे सरकार एका हाताने येऊ नका म्हणत होतं आणि दुसऱ्या हाताने पोरांना आणा म्हणत होतं. आणि मग नागरिकत्वाचं कलम, "पुढे काय बनू शकतो" ते, वंशावर होतं, जर्मनीत जन्मलेलं मूलही परदेशीच. हे बदललं २००० मध्ये. तोवर अख्खी एक पिढी शाळा शिकून मोठी झाली होती जिला कागदावर पाहुणा म्हणत होते. आता ते मिसळले नाहीत असं कुणी म्हणालं की मी विचारतो, मिसळायचं दार कुठल्या साली उघडलं माहितीये का.

मेक्सिको-अमेरिका सीमेवर तोच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. १९४२ ते १९६४ ब्रासेरो योजनेत ४६ लाखांच्या आसपास करार झाले, माणूस हंगामाला यायचा, पैसे घेऊन घरी जायचा. योजना बंद झाली, १९६८ पासून अख्ख्या पश्चिम गोलार्धावर वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा, १९७६ ला दर देशाला २० हजार. शेत तेच, मुकादम तोच, कामगारही तोच, फक्त आता तो बेकायदेशीर. मग १९९० च्या दशकात सीमेवर कुंपण, पहारे वाढले, ओलांडायचा खर्च आणि जिवाचा धोका वाढला, तर जे दर वर्षी परत जायचे ते जायचेच थांबले आणि कुटुंब इकडे आणलं. कागदपत्रं नसलेल्यांचा अंदाज १९९० मध्ये ३५ लाख होता तो २००७ पर्यंत १ कोटी २२ लाखांवर गेला. सगळं कुंपणानेच झालं असं नाही म्हणत, मेक्सिकोची आर्थिक पडझड होती, अमेरिकेत बांधकामाची तेजी होती, पण ये-जा करणारा माणूस मुक्कामी झाला त्यात कुंपणाचा हात मोठा.

हेतू आणि परिणाम दोन वेगळ्या रकान्यांत लिहा

आता माझ्या फजितीची गोष्ट. मी एका ग्रुपमध्ये छातीठोकपणे लिहिलं होतं की अमेरिकेने १९६५ चा कायदा आशियातले हुशार लोक आणण्यासाठीच केला. एकाने शांतपणे त्या वर्षीच्या चर्चा समोर ठेवल्या. झालं असं होतं की जुने देशवार कोटे काढायचे ठरलं, सरकारला कौशल्याला प्राधान्य द्यायचं होतं, पण ओहायोचे खासदार मायकल फीघन यांनी हट्ट धरला की कुटुंबाला प्राधान्य द्या. हिशोब साधा, अमेरिकेत बहुतेक युरोपियन वंशाचे लोक, मग नातेवाईकही युरोपातलेच येणार, देशाचा चेहरा आहे तसा राहणार. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही करताना सांगितलं की हे काही क्रांतिकारक बिल नाही.

पण युरोप तोवर सुस्थितीत आला होता, तिकडून कुणाला यायचं नव्हतं. कामाच्या लहानशा कोट्यातून फिलिपिन्सच्या नर्स, भारताचे डॉक्टर आले, नागरिक झाले, आणि मग त्याच कुटुंबाच्या कलमाने नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण असं एकामागून एक. भाऊ-बहिणींचा वाटा तर कोट्यात सगळ्यात मोठ्यांपैकी, २४ टक्के. १९६० मध्ये परदेशात जन्मलेल्यांपैकी चारातले तीन युरोपचे होते, आज दहातला एक असेल नसेल. फीघनसाहेबांनी जे रोखायला कलम घातलं, त्यानेच ते घडवलं. मी त्या दिवशी ग्रुपमध्ये सॉरी लिहिलं आणि गप्प बसलो.

याच रकान्यात अजून एक नोंद करा, चाळणीची. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांमध्ये चारातल्या तिघांकडे पदवी आहे, आणि ते वाचून आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर लगेच "आपले संस्कार" वगैरे फॉरवर्ड फिरतात. संस्कार असतील हो, पण आधी १९६५ चा कामाचा कोटा, नंतर १९९० च्या कायद्यातला एच-वन-बी व्हिसा, म्हणजे पदवी असेल तरच आत. ज्या चाळणीवर फक्त मोठे दाणे उरतात तिच्यावर मोठेच दाणे सापडणार, त्यात दाण्याचं कौतुक किती करायचं? आणि त्याच कायद्यात एका देशाला ७ टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड नाहीत हेही कलम आहे, त्यामुळे लहान देशाचा माणूस पटकन आत आणि भारतातला माणूस रांगेत अर्धं आयुष्य. मुलं मोठी होतात, एकवीस पूर्ण झाली की बापाच्या अर्जातून बाहेर पडायची वेळ येते. याचे परिणाम अजून मोजून व्हायचेत.

जुने कागद कुठे गेले तेही बघा

हा टप्पा छोटा आहे पण सोडू नका. ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने वसाहतींतल्या सगळ्यांना नागरिक म्हणून येऊन राहायचा हक्क दिला, त्याच वर्षी जूनमध्ये कॅरिबियन बेटांवरचे लोक घेऊन एम्पायर विंडरश ही बोट लंडनजवळ टिलबरी बंदराला लागली. पुढे १९७१ च्या कायद्याने आधी आलेल्यांचा हक्क कायम ठेवला पण हातात कागद काही दिला नाही, तेव्हा लागतही नव्हता. चाळीस वर्षांनी, २०१२ पासून, घर भाड्याने घेताना, नोकरीत, दवाखान्यात कागद मागायला लागले. आणि त्यांच्या आगमनाच्या जुन्या बोटीच्या चिठ्ठ्या २०१० मध्ये नष्ट केलेल्या! २०१८ ला सगळं बाहेर आलं, आयुष्यभर तिथे कर भरलेल्या माणसांना बेकायदेशीर ठरवलं होतं, काहींना देशाबाहेर काढलं होतं. कायदा बदलला नाही तरी पुरावा मागायची पद्धत बदलली की समाज बदलतो, तेव्हा रेघेवर हेही साल टाका.

एकदा स्वतः करून बघा

सरावाला जपान आणि ब्राझील घ्या, यात सगळं आहे. अमेरिकेने जपानी मजुरांना नाही म्हटल्यावर लोकांनी दुसरं दार शोधलं, १९०८ मध्ये कासातो मारू ७८१ जपानी लोकांना घेऊन ब्राझीलला लागली, कॉफीच्या मळ्यांसाठी. (एका देशाचा बंद दरवाजा दुसऱ्या देशाच्या जनगणनेत दिसतो, हे कायम लक्षात ठेवा, फक्त एकाच देशाचा कायदा वाचून भागत नाही.) ऐंशी वर्षांनी जपानमध्ये कामगार कमी पडले, पण परके नकोत, मग १९९० ला नियम बदलून जपानी वंशाच्या परदेशी लोकांना राहून कुठलंही काम करायची मुभा दिली. रक्त जपानी म्हणजे माणूस जपानी, असा हिशोब. २००७ पर्यंत तिथे ३ लाखांवर ब्राझीलियन झाले आणि ते आले पोर्तुगीज बोलत, सांबा करत. मुलांचं तर विचित्र, जपानमध्ये सक्तीचं शिक्षण परदेशी नागरिकांच्या मुलांना लागू नाही, त्यामुळे बरीच पोरं ना इकडच्या शाळेत ना तिकडच्या. २००९ च्या मंदीत सरकारने दर कामगाराला ३ लाख येन देऊन घरी पाठवलं, अट ही की याच व्हिसावर परत यायचं नाही. आता तुम्ही चार प्रश्न लावा, कोण, किती दिवस, कुणाला घेऊन, पुढे काय, आणि हेतू-परिणामाचे दोन रकाने भरा. माझ्या मते "कोण" च्या रकान्यात सगळी गडबड आहे, तुम्हाला वेगळं वाटलं तर चांगलंच.

शेवटची एक सूचना टेबलांबद्दल, कारण इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत. जनगणनेतला रकाना म्हणजे काय ते आधी तपासा. परदेशात जन्मलेला, परदेशी नागरिक आणि परदेशी वंशाचा हे तीन वेगळे आकडे आहेत, जर्मनी कित्येक वर्षं फक्त नागरिकत्व मोजायचा, त्यामुळे तुर्क माणूस जर्मन नागरिक झाला की टेबलातून गायब. फ्रान्स तर जनगणनेत वंश विचारतच नाही. आणि कॅलिफोर्नियातले ते पंजाबी शोधायचे असतील तर अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या यादीत "हिंदू" या नावाखाली बघा, शीख असले तरी, मुसलमान असले तरी, सगळे तिथेच सापडतात.